मामांची हरकत

लेकीच्या वहीला कव्हर घालताना खळीचा आंबूस वास आला, आणि विवाह नोंदणी कार्यालयातला तो फलक आठवला. त्यावर मामेबहीण शोभाच्या आंतरजातीय लग्नाची नोटीस डकवली होती. मामा वडगावहून हरकत घ्यायला आले होते. तिला समजवायला त्यांनी मला सोबत आणले. आदल्याच वर्षी मी घरच्यांचे ऐकून परजातीतल्या, मनापासून आवडलेल्या माणसाला नकार दिला होता.

“मेंढरू बी कळप सोडत न्हाई!” मामा कडाडले.

“मी मेंढरू न्हाई, आबा,” शोभा म्हणाली.

“जात ही हरकत होत नाही,” अधिकारी शांतपणे म्हणाले. “मुलगी सज्ञान आहे.”

शोभाने सर्वांदेखत नवऱ्या मुलाचा, मिलिंदचा हात धरला. तिच्या त्या घामेजल्या बोटांचा मला हेवा वाटला, अजूनही वाटतो.

बाहेर येताच हरलेल्या मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते म्हणाले, “शहाणी!”