पडलेली गाडी उचलताना

करावे गावाजवळच्या वळणावरचा तो अपघात मी अजून विसरलेलो नाही. लांबच्या सफरीला नेतात तशी, सामान लादलेली एक अवजड मोटारसायकल वळताना आडवी झाली आणि कडेने चाललेले गावातले एक वृद्ध तिच्याखाली सापडले. डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. रुग्णालयात ते वारले.

गाडीवर जवळच्याच सोसायटीतलं एक जोडपं होतं. "मी चालवत होतो," पतीने जागेवरच सांगितलं. तसा जबाब झाला, पंचनामा झाला, गाडी सामानासकट आमच्या पोलीस ठाण्याच्या आवारात आली.

दुसऱ्या दिवशी गावातली एक मासळीवाली ठाण्यात आली. "साहेब, गारी बाई चालवत व्हती. तो मागं बसला व्हता. मी माज्या डोल्यांनी बघितलाय."

मी दोघांना बोलावलं. पती ठाम होता.

"वेग किती होता?"

"अगदी कमी. थांबल्यासारखीच होती."

"मग पडली कशी?"

"वजन, साहेब. पळताना जाणवत नाही. हळू झाली की सगळं अंगावर येतं. पाय खडीवरून सरकला, मग आवरत नाही."

उत्तर बरोबर होतं, पण प्रत्येक वाक्याला तो पत्नीकडे बघत होता. सांगणारा खरा असला की सोबत्याच्या तोंडाकडे बघत नाही.

त्याला आवारात नेलं. "स्टँडवरून काढून जरा पुढे घ्या." त्याने हँडल धरून गाडी सरळ केली. ती सरळ होऊन थांबलीच नाही, पलीकडे कलली. हवालदार बाजूला झाला आणि गाडी धाडकन पडली. तो वाकून हँडल ओढू लागला. गाडी हलेना.

"अरे, असं नको! कंबर जाईल तुझी." पत्नी पुढे धावली. आधी तिने पायाने स्टँड उघडला. मग गाडीकडे पाठ करून खाली बसली, एक हात हँडलला, दुसरा सीटखालच्या दांडीला, आणि पायांच्या जोरावर मागे रेटत गाडी उभी केली. तेव्हा कुठे आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं.

"गाडी कोण चालवत होतं?" मी विचारलं.

"मी. चूकही माझीच."

पतीला रडू फुटलं. "सामान मी बांधलं होतं साहेब. ही सांगत होती, जड वस्तू खाली घे. मी सगळं वर रचलं."

"तू बांधलंस. पण तशी घेऊन निघाले मीच ना?" ती म्हणाली.

नव्याने जबाब झाले. गुन्हा तिच्या नावावर आला, खोटी माहिती दिल्याबद्दल त्याच्यावरही कारवाई झाली. पुढे ती त्या वृद्धाच्या पत्नीला भेटायला गेली. मी सोबत होतो. म्हातारीने तिला समोर बसवलं. मग म्हणाली, "तू आलीस ता बरा केलास. पन माफ नाय करता येनार मना."

तिने मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

प्रेमापोटी बोललेलं खोटंही कुणाचं तरी काही हिरावून घेतं, हे मला तिथे कळलं. आपला माणूस कोणाच्या हातून गेला, एवढं समजण्याचा त्या म्हातारीचा हक्क होता. गुन्हा दुसऱ्यावर ढकलणारे मी नोकरीभर पाहिले. दुसऱ्याने उचललेला आपला गुन्हा परत मागून घेणारी ती एकटीच.