दोन हेल्मेटं, एकच माप : जबलपूर ते डिंडोरी

माझ्या आईला गाडी लागते. बस लागते, कार लागते, घमापूरच्या चौकातून निघालेली रिक्षासुद्धा स्टेशन येईपर्यंत लागते. मोटरसायकलवर मात्र तिला काही होत नाही. तोंडावर वारा आला की ती खुशाल दोन तास मागे बसते. म्हणून मागच्या थंडीत ती म्हणाली, "संजू, कुसुमले पाहून नऊ वर्षं झाली रे. नेतो का मले डिंडोरीले?" तेव्हा कशानं जायचं हा प्रश्नच नव्हता. माझी दीडशे सीसीची जुनी गाडी आहेच. तिच्यासाठी फक्त एक बरं हेल्मेट घ्यायचं होतं.

कुसुममावशी ही आईची धाकटी बहीण. डिंडोरीला शाळेत शिकवायची, आता निवृत्त आहे. मावसाजी, म्हणजे तिचे यजमान, नऊ वर्षांपूर्वी अचानक गेले, तेव्हाही आई जाऊ शकली नव्हती. त्या दिवशी बस मिळाली नाही, असं आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. दोघी बहिणी रोज फोनवर बोलतात, पण भेट काही झाली नव्हती.

आता हेल्मेटाबद्दल, कारण ही पोस्ट वाचणाऱ्या बऱ्याच जणांना तेच हवं असेल. आम्ही घमापूरच्याच एका दुकानात गेलो. दुकानदाराने चार प्रकार काउंटरवर मांडले. पहिलं अर्धं, टोपीसारखं. ते त्यानेच बाजूला सारलं. "ये चालान से बचाता है भैया, चोट से नहीं." दुसरं ओपन फेस. कान-गाल झाकलेले, हनुवटी उघडी, समोर लांब काच. तिसरं फुल फेस, सगळीकडून बंद. चौथं फ्लिप-अप. दिसायला फुल फेससारखंच, पण हनुवटीपाशी एक बटण असतं. ते दाबलं की तोंडापुढचा सगळा भाग वर उचलला जातो. चष्मा असलेल्यांना हे सोयीचं. मात्र ते हाताला जड लागतं, वाऱ्याचा आवाज जास्त करतं आणि महागही पडतं.

दुकानदाराने टेपने आमची डोकी मोजली. माझं अठ्ठावन्न सेंटीमीटर, आईचंही अठ्ठावन्न. "माँ-बेटे का एक ही नंबर!" तो खूश होऊन म्हणाला.

आईने ओपन फेस उचललं. "हेच घे. ह्याच्यात वारा लागते."

मी नाही म्हणालो. सहा वर्षांपूर्वी बरगी धरणावरून परतताना कुत्रं आडवं आलं होतं, तेव्हा माझ्या डोक्यावर असलंच ओपन फेस होतं. डोकं वाचलं, जबडा मोडला. सहा आठवडे दात तारेने बांधलेले, आणि आई मला वरणाचं पाणी नळीने पाजायची. "माझ्या हनुवटीकडे पाहा जरा," मी म्हणालो. तिने ते खाली ठेवलं. फुल फेस घालून पाहिलं. आतून तिचा आवाज आला, "विहिरीत बसल्यासारखं वाटून राहिलं." पाच मिनिटांत काढून ठेवलं आणि म्हणाली, "चलो, तू म्हणतो तं घे."

मला वाटलं, मी तिला पटवलं. मी तिच्यासाठी फुल फेस घेतलं आणि चष्म्याचं कारण सांगून स्वतःसाठी फ्लिप-अप.

निघालो एका शुक्रवारी. बेत असा होता की पहिल्या दिवशी डिंडोरी, दुसऱ्या दिवशी अमरकंटक, रविवारी परत. जबलपूर ते डिंडोरी अंतर साधारण दीडशे किलोमीटर, रस्ता कुंडम आणि शहपुरावरून. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर पहाटे निघण्याचा उत्साह आवरा. धुकं दाट असतं आणि ट्रक दिवे न लावताही येतात. आम्ही नऊला निघालो. मी कोपऱ्यावर पोहे-जिलेबी खाल्ली, आईने नुसते मूठभर मुरमुरे. अंबाडा हेल्मेटात मावेना, म्हणून तिने मानेपाशी सैल वेणी घातली होती. त्या वेणीत ती मला एकदम तरुण दिसली.

शहर संपलं की रस्ता चांगला आहे. दोन्ही बाजूंना गव्हाची कोवळी शेतं, मग हळूहळू सागाचं जंगल. मी मजेत होतो. मागून काही आवाज येत नव्हता, म्हणजे सगळं ठीक आहे असं मी धरून चाललो होतो. कुंडमच्या अलीकडे पाठीवर जोरात थापा पडल्या. एका पुलियाजवळ, ओढ्यावरच्या लहानशा पुलापाशी, गाडी थांबवली. आई उतरली, पट्टा तिला सुटेना, मीच घाईघाईने सोडवला. हेल्मेट निघताच ती कठड्याला धरून ओकली.

चेहरा पांढराफटक. तिच्या श्वासाने काच आतून पूर्ण धुकटली होती. गेला अर्धा तास तिला बाहेरचं काहीच दिसत नव्हतं.

"आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुले वाईट वाटलं असतं."

पाणी पाजलं. दहा मिनिटांनी मी म्हणालो, चलायचं का? ती मान हलवत म्हणाली, "वापस चल, संजू. माह्यानं नाही होत."

मी चिडलो. लपवत नाही, चांगलाच चिडलो. रजा टाकली, एवढी तयारी केली, मावशी वाट पाहत असेल, असं सगळं बोललो. "नऊ वर्षं झाली म्हणतेस आणि पंचेचाळीस किलोमीटरवर हरतेस?"

ती रडली नाही. समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "मागच्या वेळीही इथवरच आली होती."

मला कळेना.

"तुझे मावसाजी गेले त्या दिवशी. बस होती. सकाळची बस होती, मी बसलीही होती. कुंडम येईपर्यंत चारदा ओकली. सगळे लोक पाहून राहिले होते. कंडक्टर म्हणे, माताजी, उतर जाइये, तबियत खराब हो जाएगी. मी उतरली. अन् दुसऱ्या बाजूच्या बसने घरी आली. डोळे मिटून, खिडकीतून तोंड बाहेर काढून. कुसुमले फोन केला, म्हटलं बस नाही मिळाली." तिने हाताने तोंड पुसलं. "तिचा नवरा गेला होता रे. अन् मी उलटीपायी परत आली."

नऊ वर्षं ही गोष्ट तिने कोणालाही सांगितली नव्हती. बाबांनाही नाही. मी तिच्या शेजारी कठड्यावर बसलो. थोड्या वेळापूर्वी मी जे बोललो होतो ते मला परत घ्यायचं होतं.

मग मी माझं हेल्मेट तिच्या हातात दिलं. "हे घालून पाहा."

"अन् तू?"

"मी तुझं घालतो. नंबर एकच आहे ना."

मी तिचा अंगठा धरून बटणावर ठेवला. दाबलं की पुढचा भाग वर. पुन्हा खाली ओढला की बंद. तिने पाच-सहा वेळा उघडबंद करून पाहिलं. मी म्हणालो, चालत्या गाडीवर हनुवटी बंदच ठेवायची, काच मात्र बोटभर उघडी. पण जीव घाबरला की माझ्या पाठीवर एक थाप मारायची. मी लगेच थांबेन, मग बटण दाबायचं. किती वेळा थांबावं लागलं तरी चालेल.

"शंभर वेळा थांबलो तं?"

"तर संध्याकाळी पोचू."

कुंडमला चहाच्या टपरीवर अर्धा तास बसलो. गरम मंगोडे होते, मुगाच्या डाळीचे. आईने एक खाल्ला. टपरीवाली बाई तिच्या डोक्याकडे पाहत म्हणाली, "दीदी, चाय पीने तो उतार लो." आईने ते घातलेलंच ठेवलं होतं, पुढचा भाग वर करून. तशीच बशीतून चहा प्यायली आणि म्हणाली, "आदत डाल रही हूँ."

कुंडमपासून शहपुऱ्यापर्यंत आम्ही चार वेळा थांबलो. पहिल्यांदा तीन किलोमीटरवरच. तिने बटण दाबलं, मोठा श्वास घेतला, म्हणाली, "चल." पुढची थाप बरीच उशिरा आली. शेवटच्या वेळी मीच थांबलो, कारण फुल फेसमध्ये चष्म्याच्या काड्या माझ्या कानशिलात रुतत होत्या. आई खाली उतरलीसुद्धा नाही.

शहपुऱ्याला पेट्रोल भरून घ्या. वेळ असेल तर जवळच घुघवा इथे दगड झालेली झाडं आहेत, ती बघा. आम्हाला जमलं नाही, कारण आभाळ भरून आलं होतं. पुढे निघालो आणि मावठा सुरू झाला, थंडीतला तो बारीक बोचरा पाऊस. इथे दोन्ही हेल्मेटांची खरी परीक्षा झाली. फुल फेसमध्ये एक थेंबही आत आला नाही, मान आणि हनुवटी उबदार राहिली. पण चष्मा आणि काच दोन्ही धुकट होत होत्या, त्यामुळे मी तीसच्या वर गेलोच नाही. आईच्या फ्लिप-अपमध्ये काचेच्या वरच्या फटीतून पाणी झिरपत होतं. एका झाडाखाली थांबून विचारलं तर म्हणाली, "नाकावर थेंब पडून राहिले. बरं वाटते." जे मी वाईट म्हणून लिहिणार होतो, ते तिला आवडलं होतं.

डिंडोरीत शिरलो तेव्हा साडेतीन वाजले होते. पाऊस थांबला होता. मावशी फाटकात उभी होती, स्वेटरवर शाल, हातात फोन. तिने आधी मला ओळखलं नाही, मग मागे पाहिलं. आईने उतरण्याआधीच बटण दाबलं.

"ताई!"

फाटकातच दोघींनी एकमेकींना धरलं. हेल्मेट तसंच डोक्यावर, मावशीचं कपाळ त्याच्यावर आपटत होतं. मी गाडीचं सामान सोडण्याचं निमित्त करून पाठ वळवली.

चहा झाल्यावर ओसरीत बसलो होतो. आई एकदम म्हणाली, "कुसुम, त्या दिवशी बस होती. मी खोटं बोलली." आणि तिने सगळं सांगितलं. चार उलट्या, कंडक्टर, परतीची बस.

मावशीने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "मले माहीत आहे न, ताई. बस होती. त्याच बसने यांचा भाऊ आला होता जबलपूरहून, पार मागे बसून. तू कुंडमले उतरली ते त्यानेच सांगितलं. म्हणे, बाईची हालत फार खराब होती."

आई तिच्याकडे बघतच राहिली. "अन् तू नऊ वर्षं बोलली नाही?"

"काय बोलणार? चारदा ओकूनही तू कुंडमपर्यंत आली होती. तेवढं पुरलं मले." मग हळूच म्हणाली, "तुले सांगायचं राहिलं, एवढंच."

दुसऱ्या दिवशी अमरकंटकला गेलो नाही. आईने सकाळीच सांगितलं, तुला जायचं तर जा. मी गेलो नाही. डिंडोरीतच नर्मदेच्या घाटावर बसलो. पाणी संथ, थंड, घाटावर गर्दी जवळजवळ नाही. दुपारी मावशीने ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी केली. दोघी एकाच ताटात जेवल्या. डिंडोरीत मुक्कामाला साधे लॉज आहेत, पण आधी चौकशी करून जा, आणि गरम पाणी मिळतं का ते मुद्दाम विचारा.

रविवारी सकाळी आई फाटकात आली ती घरातल्या चपलांवर. "मी पंधरा दिवस राहते. तुह्या बाबांले सांगते फोन करून."

"आणि परत कशी येशील?"

"तू येशील न घ्यायले." विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. फ्लिप-अप हेल्मेट तिने मावशीच्या कपाटावर ठेवून दिलं होतं. मी फुल फेस घातलं आणि चष्म्याच्या काड्या सांभाळत एकटाच निघालो.

घरी पोचून मी हे लिहायला बसलो, तेव्हा तुलनेचा एक तक्ता करायचा विचार होता. वजन, आवाज, पाऊस, थंडी. तो केला नाही. हनुवटी झाकलेलीच हवी, हे माझं मत कायम आहे. पण हेल्मेट घेताना ज्याच्या डोक्यावर ते जाणार आहे, त्याला दुकानात निदान अर्धा तास ते घालून बसवा, आणि तो काय सांगत नाही तेही ऐका. मी पाच मिनिटांत जिंकलो होतो आणि म्हणूनच तिला पुलियावर उतरावं लागलं.

पोचल्याचा फोन केला तेव्हा मावशीने उचलला. मागे आईचा हसण्याचा आवाज येत होता, असा की मला ओळखायला क्षणभर लागला. "आईला दे," मी म्हणालो. आई आली, "पोचला? बरं. जेवून घे. आता ठेवते, आम्ही बोलून राहिलो," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.