निळ्या पडद्यावरची अडतीस पानं

दुपारचे अडीच वाजले होते आणि टायपिस्ट मावशी चौथ्यांदा स्वयंपाकघरात जाऊन पाणी न पिताच परत आल्या होत्या. खुर्चीत बसल्या तरी पाय हलत होते. नव्या संगणकाच्या कोपऱ्यात सूचना झळकत होती: आज पाच वाजता यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होईल. पुढे ढकलायची सोय होती, पण ती मावशींनी तीन दिवसांत, नीट न वाचताच, वापरून संपवली होती.

एरवी होईना का बंद! पण आत अडतीस पानं होती.

मावशींचा हात एकाच लेखनाच्या प्रोग्रामवर बसलेला. निळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसची भानगड नाही. नोकरी संपली तरी तो सुटला नाही. डॉक्टरबाईंचं पुस्तकही त्यातच चाललेलं. चाळीस वर्षं बाळंतपणं केलेली ती बाई नव्या नर्सांसाठी फोनवरून सांगायची आणि मावशी थेट टाइप करायच्या. अकरा प्रकरणं छापून कपाटात होती. बाराव्याच्या तोंडावर मावशींचा जुना संगणक कायमचा गेला आणि त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पण काल सांगितलेलं आज आठवेना.

जुना प्रोग्राम नव्या यंत्रावर सरळ चालेना. संगणकवाल्याने मग नव्याच्या पोटात जुन्या यंत्राचं सोंग उभं केलं. "नुसतं चालतंय का बघा हं मावशी. रविवारी येऊन पक्कं करून देतो."

मावशींनी त्यातलं 'चालतंय' तेवढं उचललं. निळा पडदा दिसताच हात जोडले आणि बाराव्या प्रकरणाला बसल्या. बंद केलं आणि पुन्हा लागलंच नाही तर, या धास्तीने सहा दिवस यंत्र चालूच ठेवलं.

आज सूचनेचं विचारायला त्याला फोन केला, तर त्याने उलट विचारलं.

"मावशी, त्यात खरं काम नाही ना केलंत?"

"मग काय खोटं करू?"

"ते तात्पुरतं आहे हो. बंद झालं की आतलं सगळं जातं."

"मी सेव्ह केलंय."

"ते आतच सेव्ह झालंय. प्रिंटरही जोडलेला नाही. मी गावाबाहेर आहे, सहापर्यंत पोचतो. तोवर कशाला हात लावू नका."

सहा. मावशींनी घड्याळाकडे पाहिलं, मग देवाच्या तसबिरीकडे. "एवढं एक प्रकरण सांभाळ रे बाबा," म्हणून त्या उठल्या. खण उपसता उपसता एक कोरी वही हाती लागली. नोकरीला लागल्या तेव्हा त्या लघुलेखिका होत्या. साहेबाचं वाक्य संपायच्या आत त्यांचं लिहून व्हायचं. पंचवीस वर्षांत त्या रेघांना हात लावला नव्हता. पहिलं पान वेडंवाकडं उतरलं. दुसऱ्या पानाला बोटं दुखायला लागली. तिसऱ्यापासून हात आपला आपण पळू लागला.

पावणेचारला सून कामावरून आली. मावशी नवव्या पानावर होत्या.

"आई, हे काय गिरगटताय?"

"बोलू नकोस. पाचला सगळं जाणार आहे."

मान वर न करता मावशींनी तुटक तुटक हकीकत सांगितली. सुनेने पर्स खाली ठेवली, फोन काढला आणि म्हणाली, "एकेक पान पुढे सरकवा. फोटो घेते."

मावशींचा हात थांबला. सून दिवसभर फोनला चिकटलेली असते, हे त्यांनी सगळ्या नात्यागोत्यात सांगून ठेवलं होतं.

"सुचलं नाही गं मला," त्या हळूच म्हणाल्या.

"सुचेल कसं? माझ्या फोनचं नाव काढलं की तुम्ही तोंड फिरवता."

सव्वाचारपर्यंत अडतीसच्या अडतीस पानं फोनमध्ये आली. तरी मावशींना चैन नव्हतं. फोटो मोठे करून एकेक ओळ वाचून घेतली, सून वैतागली तरी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावले. मग वही ओढून दहावं पान सुरू केलं.

"आता कशाला?"

"असू दे. बसवत नाही रिकामं."

पाचला पडदा काळा झाला आणि त्यावर एक चक्र गरगरू लागलं. तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरबाई. आदल्या दिवशीचं वाचून दाखव म्हणायला त्या रोज याच वेळी फोन करत.

"कालचं नाही, आज पहिल्यापासून वाचते," म्हणत मावशींनी वही उघडली. "बाळ रडलं नाही तर घाबरू नये. आधी कोरडं करावं, पाठ चोळावी. बाळ रडेपर्यंत खोलीत कुणी बोलू नये, पण हात थांबवू नयेत."

डॉक्टरबाईंनी मधेच थांबवलं.

"हे मी सांगितलं?"

"तुम्हीच."

"बरं आहे की. बाई, पुढचं लिहून घे आता."

चक्र अजून फिरतच होतं. मावशींनी पेन्सिल उचलली आणि सुनेला खुणेनेच टोकयंत्र मागितलं.