लाल डागाची गल्ली

आमच्या कॅन्सर नोंदणीच्या ऑफिसात चेन्नईचा एक नकाशा आहे. ज्या वस्तीत आजार जास्त, ती जास्त लाल. अण्णा नगरमागची एक बोटभर गल्ली त्यावर इतकी लालभडक झाली की मॅडमनी मला तिकडे पिटाळलं. करमाळ्याच्या शाळेत मला नकाशात नद्या धड भरता आल्या नाहीत. इथे मी आजार भरतो.

गल्लीत माझ्याआधी बातमी पोचली होती. पाणीच बाधतंय म्हणून रामस्वामी नावाच्या घरमालकाने बोअरला कुलूप घातलं होतं आणि तो म्हणे कॅनच्या पाण्याने आंघोळ करत होता. गुन्हेगारही त्यानेच शोधलेला: खालच्या मजल्यावरची भाडेकरू सरोजाअक्का, कारण तिच्याकडे सदानकदा आजारी माणसं. पोंगलपर्यंत जागा सोडा, असं त्याने तिला बजावलं होतं.

सरोजाअक्का तंजावरच्या मराठी, रेल्वेतल्या गुरुमूर्तीरावांच्या विधवा, सत्तरीच्या. माझ्या यादीतला पहिला पत्ता त्यांचा. दुसराही, हे दारावरची पाटी पाहून कळलं. चेन्नईत प्रत्येक घराला एक जुना नंबर असतो आणि एक नवा. कुणी हा सांगितलेला, कुणी तो, कुणी ‘मागचा भाग’. ऑफिसात आम्ही ज्यांना अनेक घरं समजत होतो, ते हे एकच दार होतं.

अक्कांनी कॉफी विचारली. मी आत्ताच घेतली म्हणालो.

“पाण्याला भितोस कां रे? तू रामस्वामीचा भाऊच शोभतोस की.”

आत पापनाशमची विद्यालक्ष्मी डोक्याला रुमाल बांधून शेंगा निवडत होती. चटईवर मन्नारगुडीचे तुळजाजी रेडिओला कान लावून पडले होते. दोघं उपचारांसाठी आलेले. त्यांच्याआधी किती आले, जेवले, बरे होऊन गेले किंवा नुसतेच गेले. दवाखान्यात पत्ता विचारला की माझा सांगा, हा अक्कांचा प्रत्येकाला हुकूम.

मी त्यांना नियम सांगितला: वर्षभर तरी इथे राहिलेला माणूस इथला, बाकीच्यांची नोंद त्यांच्या गावी. अक्का पाटावर बसल्या आणि एकेकाचं गाव सांगू लागल्या. कोण ओरत्तनाडूचा, त्याला आंबट कसं चालत नसे. कोण कुंभकोणमची, ती जाताना किती रडली. त्या बोलत होत्या आणि माझ्या डोळ्यांसमोर गल्लीतला लाल रंग उतरून पार कावेरीकाठापर्यंत थेंबाथेंबाने पसरत होता. मी पाण्यातलं विष शोधायला आलो होतो आणि बसलो होतो एका बाईच्या पंगतीत. लिहायचं विसरून मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

“मग या गल्लीतलं खरं कुणीच नाही?” मी विचारलं.

“आहे की. मी.”

त्यांचं नाव माझ्या यादीत नव्हतं. असणार कसं? मोठं दुखणं आलं की पत्ता माहेरचा द्यायचा, सासरच्या घराला बोल नको, अशी त्यांच्या घरची जुनी रीत. तेव्हा त्या साठी उलटलेल्या, नवरा गेलेला, तरी अक्कांनी माहेरचा, तंजावरचा पत्ता दिला.

“तपासणीची चिठ्ठी तिकडे गेली. तिथे आता मोबाईलचं दुकान. माझी तारीख चुकली, दुखणं वाढलं. म्हणून या अस्कींना, सगळ्यांना सांगते, माझं दार सांगा. चिठ्ठी आली की मी हात धरून नेते.”

मी विचारलं, तुमची नोंद आता कुठली करू?

“इथलीच घाल. जुना नंबर पण, नवा पण.”

एवढ्यात रामस्वामी दारात आला. मी त्याला माझ्या मोडक्या तमिळमध्ये सांगितलं की पाण्यात दोष असल्याचं काही दिसत नाही, ही माणसं बाहेरगावची आहेत, ऑफिस तसं लिहून देईल. अक्कांच्या दुखण्याबद्दल एक शब्द बोललो नाही. त्याचा विश्वास बसेना. मग मी अक्कांकडे कॉफी मागितली, बोअरच्या पाण्याची. त्यांनी किल्लीसाठी त्याच्यापुढे हात केला. बराच वेळ विचार करून त्याने ती दिली.

माझा टंबलर रिकामा होईपर्यंत तो माझ्याकडे टक लावून उभा होता. मला काही होत नाही हे पाहून हळूच खाली बसला.

“पोंगलला जागा सोडायचं राहू द्या, अक्का,” तो म्हणाला. “मलाही कॉफी द्या. साखर कमी घाला.”