तांडेल मागे बसतो

"त्याला इचारलाव काय?"

हे त्याचं वाक्य. मान खाली, नजर हातातल्या जाळ्यावर, आणि एक बोट त्या माणसाकडे, ज्याच्याविषयी बोलणं चाललंय पण ज्याला कोणी बोलू दिलेलं नाही. आवाज कधी चढवायचा नाही. एवढं विचारायचा आणि लाकडी सुई पुन्हा जाळ्यातून फिरायला लागायची. समोरचा मात्र तोंडात मारल्यासारखा गप्प व्हायचा. मी स्वतः किती वेळा झाले, त्याची मोजदाद नाही.

त्याचं नाव मी सांगणार नाही. कोणाची हरकत आहे म्हणून नव्हे. तो असता तर पहिला प्रश्न त्याने हाच केला असता, आणि आता विचारायला तो नाही. मिरकरवाड्याकडचे असाल तर तुम्ही ओळखालच. ओळखलंत तर मनात ठेवा.

मिरकरवाड्याच्या बंदराच्या वरच्या अंगाला आमची शाळा. मी तिथे शिक्षिका होते. रत्नागिरीत रेल्वे नुकती आली होती तेव्हाची गोष्ट. व्हॉलीबॉलची जाळी फाटली म्हणून शिपायाने बंदरावरून एका माणसाला आणलं. तिशी ओलांडलेला, दाढी नीट राखलेला, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. हा तांडेलाचा मुलगा. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. बापाने त्याला लहानपणी दोनदा समुद्रावर नेलं आणि दोन्ही वेळा होडी अर्ध्या वाटेवरून परत फिरवावी लागली. इंजिनाचा आवाज सुरू झाला की हा कान दाबून तळाशी मुटकुळं करून पडायचा. मासळीच्या लिलावाच्या वेळी तर बंदरावर फिरकायचाही नाही. वस्तीने त्याचा निकाल कधीच लावून टाकला होता: डोकं सरकलेलं, पण हात सोन्याचे. हातांबद्दल वस्तीचं बरोबर होतं.

तो व्हरांड्यात जाळी घेऊन बसला त्याच दिवशी शाळेत मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंचं मुलांच्या तपासणीचं शिबिर होतं. वर्गात त्या आयांना एकेक प्रश्न विचारत होत्या. मूल वस्तू रांगेत लावतं का? आवाजाचा त्रास होतो का? डोळ्याला डोळा देत नाही का? आया बिचाऱ्या आठवून आठवून सांगत होत्या, आणि व्हरांड्यातून प्रत्येक प्रश्नाला न चुकता उत्तर येत होतं, "होय." चार-पाच 'होय' झाल्यावर डॉक्टरीणबाई हसत बाहेर आल्या. मग त्या तिथेच जमिनीवर बसल्या आणि तासभर त्याच्याशी बोलल्या. जाताना एका कागदावर 'ऑटिझम' असा शब्द लिहून दिला. हा आजार नाही, घडणच वेगळी आहे, आणि असे तुम्ही एकटे नाही, असं त्यांनी समजावलं.

त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि विचारलं, "मग बाकीचे कुठं हायत?"

बाई म्हणाल्या, घराघरांत असतील. कुठल्याही माणसाने हे ऐकून सोडून दिलं असतं. हा पुढच्या रविवारी एस.टी.त बसला. शिबिराला आलेल्यांची गावं माझ्याकडून घेतली होती, ती संपल्यावर आपल्या मनाने फिरू लागला. दारात उभं राहायचं, नजर उंबऱ्यावर, आणि सरळ विचारायचं की तुमच्या घरात माझ्यासारखा कोण हाय काय. कोणी त्याला वर्गणीवाला समजलं, कोणी त्याच्यावर कुत्रा सोडला. एका घरच्या आजोबांनी मात्र त्याला नीट न्याहाळलं आणि आतल्या खोलीतून तरुण नातवाला हाताला धरून बाहेर आणलं. सहा महिन्यांत असे नऊ जण जमले. हेडमास्तरांच्या हातापाया पडून मी रविवारी शाळेचा व्हरांडा मिळवून दिला. या कथेत माझं पुण्य म्हणाल तर तेवढंच.

पहिल्या रविवारी मी सवयीने म्हटलं, गोल करून बसा. कोणी बसेना. तो म्हणाला, "बाई, गोलात सगळ्यांचे डोळे येतात. होडीत कोण गोल बसतो काय?"

मग सगळे एकामागे एक रांगेत बसले, समुद्राकडे तोंड करून. कोणाला कोणाकडे बघायची सक्ती नाही. रांगेच्या शेवटच्या जागेला त्याने नाव दिलं तांडेलाची जागा. मी म्हटलं, अरे, पुढारी पुढे बसतो. त्यावर त्याने सांगितलं की बापाच्या होडीत तांडेल मागे बसायचा, सुकाणूपाशी. मागे बसलं की कोण थकला, कोण भिजला, सगळं दिसतं. पुढे बसणाऱ्याला नुसतं पाणी दिसतं. तीस वर्षं मी वर्गापुढे उभी राहत आले होते. मला ते लागलं.

दर रविवारी तांडेल वेगळा. पाळी ठरलेली, कोणाला वगळायचं नाही. तांडेलाने प्रत्येकापुढे जाऊन एकच प्रश्न विचारायचा, "आज काय नको?" काय हवं हे नाही, काय नको हे. एकाला पंखा नको असायचा, एकाला आईने मागून सूचना दिलेल्या नको असायच्या, एकाला काहीच बोलायला नको असायचं. तो एक तास प्रत्येकाचं 'नको' सांभाळणं हे तांडेलाचं काम. पंखा बंद करायचा. आईला फाटकाबाहेर बसायला सांगायचं, आणि तेही स्वतः, बाईंकरवी नव्हे. सगळे गेल्यावर शेवटी तांडेलाने निघायचं. ज्या पोरांना घरात पाण्याचा पेला कोणी आपल्या हाताने घेऊ दिला नव्हता, ती पोरं महिना-दोन महिन्यांत दुसऱ्याच्या आईला हात जोडून बाहेर बसवू लागली. नंतर त्यांतला एक जण पोस्टात एकटा जाऊन आला. दुसऱ्याने सख्ख्या काकाला सांगितलं की माझ्या डोक्यावर टपल्या मारलेल्या मला नको. काका अजून शाळेच्या नावाने बोटं मोडतो.

माझी खुर्ची रांगेबाहेर, दाराशी. मांडीवर हजेरीची वही. सुरुवातीलाच त्याने विचारलं होतं, रांगेत बसाल काय. मी म्हटलं, मी इथेच बरी, लक्ष ठेवते. पुन्हा त्याने कधी विचारलं नाही. 'नको' म्हटलेलं तो पाळायचा.

नाचणे गावची सुलू आली तेव्हा आमचं पहिलं भांडण झालं. सतरा-अठरा वर्षांची पोर, तोंडातून शब्द नाही. आई सांगू लागली की हिला काही कळत नाही, कोपऱ्यात बसून राहील. लगेच बोट उठलं. "तिला इचारलाव काय?"

"ती बोलत नाही, भावोजी. कशी विचारू?"

"इचारायला तुमाला बोलता येतं ना?"

आई रडायलाच लागली. पण पाळीच्या यादीत सुलूचं नाव घालायला मी आडवी आले. म्हटलं, जी बोलत नाही ती प्रश्न काय विचारणार, कशाला तिचं हसं करायचं. तो गाठी मारता मारता म्हणाला की तांडेल कमीच बोलतो, आरडाओरडा खलाशी करतात. तेव्हा मी हेका सोडला नाही, आणि माझी शाळा, माझा व्हरांडा म्हणून माझं चाललं. सुलूचं नाव यादीबाहेर राहिलं.

त्याला सगळं गोड लागायचं असं समजू नका. ईदला मी हौसेने सदरा घेतला, तो त्याने दुसऱ्या दिवशी परत आणून दिला, कापड टोचतं म्हणून. कोणीतरी आमच्याविषयी वर्तमानपत्रात लिहिलं, त्यात 'स्वमग्न' हा शब्द वाचून तो दोन दिवस घुश्शात. "मग्न म्हणजे बुडालेला. मिरकरवाड्यात कोण बुडतो काय? आमाला पोवता येतं." मला हसू आवरेना. तो हसला नाही. तो थट्टा करत नव्हता.

घरी तो आणि त्याची आई, दोघंच. आई मला म्हणायची, बाई, माझ्यामागे याचं काय. मी म्हणायची, आम्ही आहोत ना. असं म्हणायला काय जातं?

एका पावसाळ्यानंतर आई गेली. मोठा भाऊ कुवेतहून रजा काढून आला. त्याचं बिऱ्हाड मुंब्र्याला. भाऊ वाईट नव्हता, हे आधी सांगते. त्याने मला घरी बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. हा भिंतीशी बसला होता, गुडघ्यांवर जाळं, हात चालू. भाऊ म्हणाला, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा, हा एकटा कसा राहील? मुंब्र्याला नेतो, माझी बायको बघेल."

मला माहीत होतं की त्याला जायचं नव्हतं. पोस्टात, बँकेत तो एकटा जात होता, भात-आमटी रांधत होता, शेजार चांगला होता. हे सगळं मी सांगू शकले असते. पण नोकरीची माझी दोनच वर्षं उरली होती, गुडघे दुखत होते, आणि हा इथे राहिला तर उद्या काही झाल्यावर बोलावणं मलाच येणार, हा विचार मनात आला. तो आला, हे खोटं बोलून उपयोग नाही. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं की तुम्ही म्हणता तेच बरोबर, त्याच्या भल्याचं तेच आहे.

सुई थांबली. इतक्या वर्षांत गाठ अर्धी असताना त्याचा हात थांबलेला मी पहिल्यांदा पाहिला. आता बोट उठेल, आता ते वाक्य येईल, म्हणून मी वाट पाहिली. ते आलं नाही. थोड्या वेळाने त्याने गाठ पुरी केली.

गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत मला कळून चुकलं होतं की मी काय केलं. परत फिरता आलं असतं. पन्नास पावलं सुद्धा नव्हती.

जाण्याच्या आदल्या रविवारी तो नेहमीप्रमाणे आला. मला व्हरांड्याच्या कपाटाची किल्ली दिली आणि पाळ्यांची यादी दिली, पुढच्या अख्ख्या वर्षाची, वळणदार अक्षरात. त्याचं स्वतःचं नाव त्यात कुठे नव्हतं. पहिलं नाव सुलूचं होतं. तिच्या नावाबद्दल मी आता काही बोलणार नाही, एवढा भरवसा त्याला माझ्याविषयी होता की नाही, कोण जाणे. मी त्याला म्हटलं, राग धरू नकोस. तो यादीवर बोट ठेवून म्हणाला, "बाई, रविवार चुकवू नका."

सुलूचा पहिला रविवार मात्र आईच्या तापामुळे हुकला, पुढच्या पाळ्याही कशा ना कशाने टळल्या. दुसरी मुलं आपापल्या पाळीने तांडेल होत राहिली. रांग मोडली नाही, पण शेवटच्या जागेवर कोणीही बसलं तरी ती मला रिकामीच वाटायची.

सात-आठ महिन्यांनी मुंब्र्याहून त्याच्या भावजयीचा फोन आला. त्याला कावीळ झाली होती. अंगावर काढली, दवाखान्यात नेईपर्यंत फार पुढे गेली होती. तो गेला. भावजय रडत होती. म्हणाली, त्याने कधी काही सांगितलंच नाही हो बाई, जेवत नव्हता तर आम्हांला वाटलं जागा नवीन आहे. माझ्या जिभेवर शब्द आले होते, त्याला विचारलंत काय? मी ते गिळले. ते विचारायचा हक्क मी चहाच्या एका कपात घालवून बसले होते.

त्याच आठवड्याच्या रविवारी पाळी सुलूची होती. सगळेच्या सगळे आले. मी बातमी सांगितली. कोणी रडलं नाही, फक्त एक जण पुढेमागे डुलत राहिला. मग सुलू शेवटच्या जागेवरून उठली. पहिल्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि तिने हाताचा तळवा उघडा धरला. पोरांना बरोबर कळलं. एकाने पंख्याकडे बोट दाखवलं, तिने बंद केला. एकाने बुजून मान फिरवली. तो पुन्हा वळेपर्यंत ती तशीच थांबली, आणि मग त्याने हळूच आपल्या पायातल्या चपलांकडे दाखवलं. तिने त्या काढून बाजूला ठेवल्या. असं करत ती रांग संपेपर्यंत गेली.

रांग संपली तरी ती थांबली नाही. दाराशी आली आणि माझ्यासमोर तळवा धरला.

मी वहीत बघितलं, फाटकाकडे बघितलं. ती हलली नाही. उत्तर येईपर्यंत तांडेलाने हलायचं नसतं, हे तिने त्याच्याकडे बघून बघून उचललं होतं. पाच मिनिटं तरी गेली असतील. खाली बंदरावर लिलाव चालू होता, त्याचा गलका वर येत होता. जिला लोक गतिमंद म्हणत आले त्या पोरीने माझ्या उत्तरासाठी हात उघडा धरून एवढा वेळ काढला, आणि मी त्याच्या घरात, तो समोर बसलेला असताना, एक घोट चहा थंड होण्याइतकीही थांबले नव्हते.

शेवटी मी उठले आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. सुलूने खुर्ची उचलली, वर्गात नेऊन ठेवली, आणि परत येऊन आपल्या जागेवर, सगळ्यांच्या मागे, जाऊन बसली. तिच्या पुढे थोडी जागा होती. मी तिथे बसले. समोर पोरांच्या पाठी आणि समुद्र होता, कोणाचे डोळे नव्हते. रडायला ती जागा फार चांगली आहे.