आई अडखळली ती ओळ

मुलांनो, आज अंगणातला कडुनिंब छाटला आणि त्या कडू वासानं मला देहूरोडच्या चाळीत नेलं. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी आठ वर्षांची होते.

शेजारच्या पार्वतीबाईंच्या मुलीला देवी आल्या होत्या. दाराला निंबाचे डहाळे बांधलेले होते आणि तिकडे कुणी फिरकत नव्हतं. आम्ही ख्रिस्ती. माझी आई पेज घेऊन गेली.

"बाई, आत नगा येऊ. देवीचं घर हाय. तुमचा देव रागवंल की!"

"आजाऱ्याला पेज भरवली म्हणून रागावणारा देव माझा नाही, पार्वतीबाई," म्हणत आई चपला काढून आत गेली.

तिला आणि मला देवीची लस टोचलेली होती. माझ्या वर्षाच्या भावाचं, जॉनचं, टोचणं मात्र तापामुळे राहून गेलं होतं. परतल्यावर आईनं अंघोळ केली, तरी त्याला जवळ घेतलं नाही. मोरीच्या दाराआडून तिची प्रार्थना ऐकू येत होती. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ या ओळीपाशी ती थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मला वाटलं, आई पुढचं विसरली.

जॉनला काही झालं नाही. ती मुलगीही बरी झाली. ते शब्द उच्चारणं आईला किती जड गेलं असेल, हे मला स्वतःची मुलं झाल्यावर कळलं.

त्या प्रार्थनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुन्हा पेज शिजत ठेवली होती.