कुंकवाची फळी

"हे कुणाचं होतं?"

ढिगातली कुठलीही वस्तू उचलायच्या आधी त्या बाई तिच्यावर उलटा हात ठेवायच्या, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा, आणि हे विचारायच्या. तुम्ही कधी भंगारवाल्याकडं गेला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, आमच्यात असलं कुणी विचारत नाही. वजन विचारतात.

पहिल्याच दिवशी त्यांनी एका जुन्या मोबाईलवर हात ठेवला, तसा मी म्हणालो, "मॅडम, भंगार झालं की त्याला मालक नसतोय."

"आणि हा मोबाईल तुमच्या लेकीचा असता तर?"

मी तराजू पुसायला लागलो. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. समोरचा अडला की त्या चष्मा वर ढकलायच्या, एवढं मला पुढं कळलं.

माझी शाळा तिसरीपर्यंतची. धाराशिवच्या टोकाला माझं भंगाराचं आवार. आधी लोखंड, पत्रा, बाटल्या यायच्या. आता हापिसातले, दुकानातले, दवाखान्यातले संगणक येतात, टीव्ही येतात, मोबाईल तर घमेल्यानं येतात. हा माल रीतीनं मोडणारा एक मोठा कारखाना पुण्याकडं आहे. पण ज्या आवाराला तपासणीचं प्रमाणपत्र आहे, त्याचाच माल ते घेतात. तारा जाळायच्या नाहीत, टीव्हीची काच फोडायची नाही, बॅटऱ्या वेगळ्या काढून वाळूत ठेवायच्या, आणि ज्या यंत्रात कुणाची माहिती आहे त्याची डबी, म्हणजे हार्डडिस्क, पुन्हा कुणाला वाचता येणार नाही अशी फोडायची. हे शिकवायला आणि मग तपासायला त्या बाई सोलापूरहून एसटीनं यायच्या.

मी काही सुखासुखी ऐकणारातला नाही. "तारा न्हाय जाळायच्या तर तांबं काय फुकून काढू?" असं मी त्यांच्या तोंडावर म्हणालो.

"काका, खोकला किती दिवसांचा आहे?"

"बिडीचा हाय तो."

"बिडी ओढता?"

"सोडून लई वर्सं झाली."

चष्मा वर गेला. माझी माणसं तोंड फिरवून हसली. त्या दिवसापासनं आवारात धूर झाला नाही.

मग मलाच खुमखुमी आली. भिंत सारवून घेतली, प्रमाणपत्र टांगायला खिळा ठोकला. तपासणी व्हायच्या आधीच. बाईंनी तो खिळा हलवून बघितला. "मजबूत बसलाय. आता फक्त फ्रेमच आणायची राहिली, नाही का?"

तपासणीच्या दिवशी सगळं जागच्या जागी होतं. वाळूत बॅटऱ्या, पेटीत काचा, हातमोजे खुंटीला. आणि कोपऱ्यात ती फळी.

खंडेनवमीला आपल्याकडं हापिसात, दुकानात यंत्रांची पूजा होते. तीच यंत्रं पुढं कुंकवाच्या बोटांसकट माझ्याकडं येतात. माझा दंडक असा, की पूजा लागलेल्या यंत्रावर हातोडा चालवायचा नाही. त्यातली डबी काढायची, फळीवर मांडायची, दर गुरुवारी उदबत्ती लावायची. ह्याचा मला लई अभिमान होता. धंदा करतो पण धरम सोडला नाही, असं मी येईल त्याला फळी दाखवून सांगायचो.

बाईंनी एका डबीवर उलटा हात ठेवला. "हे कुणाचं होतं?"

"आता देवाचं," मी छाती काढून म्हणालो.

त्यांनी ती डबी आपल्या संगणकाला वायरीनं जोडली. पडदा उजळला. कुठल्यातरी दवाखान्याची डबी होती. एका बाईची उघडी पाठ, भाजलेली, आणि अर्धा वळलेला चेहरा. मी तो चेहरा ओळखला. बेंबळीला माझी लेक दिलीय, तिच्या शेजारच्या घरातली सून. माझ्या मागं माझी दोन माणसं उभी होती.

बाईंनी गळ्यातली ओढणी काढून पडद्यावर टाकली. वर न बघता, ओढणीखाली चाचपत त्यांनी वायर उपसली.

तरी मी हट्टानं म्हणालो, "मंग काय, पूजेच्या वस्तूवर घण घालू?"

"गणपती बसवता ना घरात?"

"व्हय."

"मग पूजा झाली म्हणून फळीवर ठेवून देता, का विसर्जन करता?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "काका, ती बाई डॉक्टरांपुढं बसली होती. तुमच्या-माझ्यापुढं नव्हती बसली."

त्या खेपेला आम्ही नापास झालो. खिळ्याला मी माझी टोपी टांगली.

पुढं बेंबळीला जाणं झालं. शेजारची ती सून मुद्दाम आली, पदर सावरून वाकली, पायाला हात लावला. "बरं हाय का मामा?" मी बशीतल्या चहाकडं बघत राहिलो. तिला काहीच ठाऊक नाही. आणि सांगावं तर तिला पुन्हा उघडं केल्यासारखं. तुम्हीच सांगा, असा नमस्कार घेऊन माणसानं ठेवायचा कुठं? अजून मी तिच्याकडं मान वर करून बघितलेलं नाही.

फळी मी माझ्या हातानं रिकामी केली. एकेक डबी पाया पडून फोडली. बाई शेवटपर्यंत उन्हात उभ्या होत्या. मी सावलीत बसा म्हणालो, तर म्हणाल्या, "फुटेपर्यंत उभं राहायचं, काका." पुढच्या तपासणीला प्रमाणपत्र मिळालं. ते खिळ्यावर टांगताना टोपी मी डोक्यावर घेतली.

मग त्या यायच्या बंद झाल्या. दुसरेच कुणी साहेब तपासायला आले. म्हणाले, मॅडम आजारी आहेत.

दिवाळीनंतर एक गृहस्थ आले, हातात कापडी पिशवी. "मी तुमच्या मॅडमचा नवरा. ती तुमचं नाव फार काढत होती," म्हणाले. त्यांच्या बोलण्यातला 'होती' ऐकून मला काय ते कळलं. पिशवीतून त्यांनी मोबाईल काढला. "तिनं सांगून ठेवलं होतं, हा धाराशिवच्या काकांकडंच द्या. बाकी कुणाकडं नाही."

मोबाईल माझ्या तळहातावर होता. माझ्याकडं बाईंचा एक फोटो नाही. आत असेल. आवाजसुद्धा असेल. गृहस्थ भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडं बघत होते. माझा अंगठा कडेच्या बटणावर गेला.

पडदा उजळायला लागला.

मी डोक्यावरची टोपी काढून त्याच्यावर टाकली. टोपीखालीच चाचपत तो बंद केला. कान तापले होते. एवढ्या माणसांतून त्यांनी मला निवडलं, आणि माझा अंगठा बघा.

मग त्यांनीच शिकवल्याप्रमाणं आधी बॅटरी काढली, वाळूत ठेवली. उरलेल्या पत्र्यावर उलटा हात ठेवला. गार होता. ड्रिल उचलली तसे गृहस्थ म्हणाले, "मी बाहेर थांबू का?"

"न्हाय," मी म्हणालो. "फुटेपर्यंत उभं राहायचं."

ते उभे राहिले. ते जाईपर्यंत टोपी डोक्यावर घालायचा मला धीर झाला नाही.